बुलडोझरच्या अंतःक्षेपण पंपातील इंधनगळती

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरात ठराविक क्षणी, ठराविक मापाने व मोठ्या दाबाखाली इंधन सोडणाऱ्या पंपास अंतःक्षेपण पंप म्हणतात. या पंपातील इंधन जेथे जावयास नको तेथे जाणे म्हणजे इंधनगळती होय. ती तीन प्रकारची असते. इंधन पंपाबाहेर पडते. किंवा पंपातल्या पंपात एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात झिरपते. किंवा याच्या उलट, जेथे इंधन ओढून घेतले जाते तेथे बाहेरची हवा आत शिरते. पहिल्या प्रकारात थेंब दिसतो. उरलेल्या दोहोंत बाहेरून काहीच दिसत नाही. बुलडोझरसारख्या यंत्रावर या तिन्ही प्रकारांना वाव मिळतो, कारण हे यंत्र धुळीत, हादऱ्यांत, चढउतारावर कललेल्या स्थितीत व बहुधा कारखान्यापासून दूर काम करते. पंपाची रचना बदलत गेली तशी गळतीची जागाही बदलली आणि ती ओळखण्याच्या रीतीही बदलल्या. त्यामुळे या दोषाच्या निदानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी पंपाचाच इतिहास आहे.

रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांनी १८९२ मध्ये आपल्या एंजिनाचे एकस्व मिळविले आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्झबुर्क येथे त्याची यशस्वी चाचणी झाली. त्या एंजिनात आजच्या अर्थाने अंतःक्षेपण पंप नव्हता. इंधन एका झडपेपाशी साचविले जाई व सु. ६०–७० वातावरण दाबाच्या हवेच्या झोताने ते सिलिंडरात उडविले जाई. इंधनाचे कण उत्तम प्रकारे बारीक होत. परंतु हवा दाबण्यासाठी वेगळा संपीडक लागे. तो अवजड असे व एंजिनाचीच शक्ती खाई. ही व्यवस्था वीजकेंद्रात व जहाजावर चालून गेली. जमिनीवर फिरणाऱ्या यंत्रावर ती चालणे शक्य नव्हते. हवेवाचून नुसत्या पंपाने इंधन ढकलण्याची कल्पना तशी जुनीच होती. इंग्लंडमधील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या तप्त-गोलक एंजिनात १८९० च्या सुमारास ती कमी दाबावर वापरली जात होती. ही एंजिने बनविणाऱ्या ग्रँटम येथील हॉर्न्सबी कंपनीनेच पुढे साखळी-पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर तयार केले व त्यांचे हक्क पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेतील होल्ट कंपनीला विकले. म्हणजे पंपाने इंधन देणारे एंजिन आणि साखळी-पट्टा या बुलडोझरच्या दोन्ही पूर्वजांची गाठ एकाच कारखान्यात पडली होती. पण तिचा उपयोग तेथे पुरता झाला नाही. मोठ्या दाबाच्या अंतःक्षेपणाचे एकस्व व्हिकर्स कंपनीतील जेम्स मकेक्नी यांनी १९१० मध्ये घेतले. त्याचा उपयोग मुख्यत्वे पाणबुड्यांच्या एंजिनांत झाला. जर्मनीत प्रॉस्पर लॉरांझ यांनी पूर्वज्वलन कक्षाची रचना पुढे आणली. सिलिंडराला जोडलेल्या एका लहान कक्षात इंधन आधी पेटत असल्याने या रचनेत दाब फार मोठा असण्याची गरज उरत नसे.

निर्णायक पाऊल श्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉश यांच्या कंपनीने टाकले. तिने १९२२ मध्ये या पंपाचे काम हाती घेतले आणि १९२७ मध्ये पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. या पंपाचे हृदय म्हणजे प्लंजर व बॅरल यांची जोडी होय. आपल्याकडील कारागीर तिला ‘एलिमेंट’ म्हणतात. पोलादी बॅरलमध्ये पोलादी प्लंजर वरखाली सरकतो. त्याला खालून कॅम उचलतो व स्प्रिंग परत खाली आणते. प्लंजराच्या अंगावर तिरकी कड कापलेली असते व दातेरी दांडा सरकवून प्लंजर स्वतःभोवती फिरविला की इंधनाचे माप कमीअधिक होते. बॅरलच्या वर निर्गम झडप, म्हणजे कारखान्यातला डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. ती इंधन पुढे जाऊ देते आणि अंतःक्षेपण संपताच नळीतील दाब एकदम उतरविते, म्हणजे नॉझलच्या तोंडाशी थेंब लोंबकळत राहत नाही.

या जोडीत रबराची वा चामड्याची कोणतीही गळबंदी नाही. शेकडो वातावरणांचा दाब अडविण्याचे काम केवळ दोन पोलादी पृष्ठभागांतील अरुंद फटीवर सोपविलेले आहे. ही फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकी असते व तिच्यातून थोडे इंधन खाली झिरपावयाचेच असते, कारण प्लंजराला वंगण मिळते ते या झिरपणाऱ्या इंधनाचेच. अगदी नवा, निर्दोष पंपसुद्धा आतून किंचित गळतो, आणि त्याने गळावे अशीच त्याची घडण आहे. म्हणून निदानाचा खरा प्रश्न ‘पंप गळतो काय’ हा नसून ‘किती गळतो व ते इंधन कोठे जाते’ हा आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत होणाऱ्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

ट्रॅक्टरच्या तोंडाशी पाते बसवून माती ढकलण्याची रचना अमेरिकेच्या कॅन्झस राज्यातील जेम्स कमिंग्ज व जे. अर्ल मक्लाउड यांनी १९२३ मध्ये तयार केली. तिचे एकस्व त्यांना १९२५ मध्ये मिळाले. त्याच वर्षी होल्ट व बेस्ट या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. या कंपनीने १९३१ मध्ये डीझेलवर चालणारा साखळी-पट्ट्यांचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच्या डी-९९०० या चार सिलिंडरी एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास सु. १५६ मिमी. व दट्ट्याची धाव सु. २३५ मिमी. होती, आणि ते मिनिटाला ७०० फेरे करी. पंपाकडून केवढ्या काटेकोर कामाची अपेक्षा होती हे साध्या हिशोबाने कळते. असे एंजिन भर कामात ताशी २० लि. इंधन घेते असे मानले, तर तासाला ८४,००० वेळा अंतःक्षेपण होते व एका वेळी सिलिंडरात जाणारे इंधन जेमतेम पाव घन सेंमी. भरते. या मापातील दहावा हिस्सा जरी वाटेत गळाला तरी तो सिलिंडर इतरांच्या मागे पडतो आणि एंजिनाचा ठेका बिघडतो.

कॅटरपिलरने पंप बाहेरून न घेता स्वतः घडविला. त्यात प्रत्येक सिलिंडराचा पंप स्वतंत्र, समान मापाचा व एका सामाईक पेटीवर बसविलेला असे. एक पंप बिघडला तर तो काढून त्या जागी दुसरा बसविता येई आणि संपूर्ण संच चाचणी-बाकावर जुळवून घ्यावा लागत नसे. रानात काम करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हा विचार फार शहाणपणाचा होता. असाच दुसरा शहाणपणा इंधन पुरविणाऱ्या लहान दातेरी पंपाच्या बाबतीत दिसतो. या पुरवठा पंपाचा दंड एका बाजूस इंधनात व दुसऱ्या बाजूस वंगण तेलात असतो, म्हणून त्यावर दोन गळबंद्या लागतात. अनेक पंपांत या दोहोंच्या मध्ये एक लहान छिद्र किंवा नळी बाहेर काढलेली असते. छिद्रातून इंधन ठिबकले तर इंधनाकडील गळबंदी गेली, वंगण तेल ठिबकले तर तेलाकडील गेली. एका छिद्राने दोन दोष वेगळे करून दाखविण्याची ही युक्ती निदानशास्त्रातील उत्कृष्ट युक्त्यांमध्ये मोजावयास हवी. दुर्दैवाने पुष्कळ यंत्रांवर हे छिद्र मातीने बुजलेले, आणि क्वचित ‘गळती थांबविण्यासाठी’ मुद्दाम खुंटी ठोकून बंद केलेलेही आढळते. छिद्र बंद झाले की बाहेर पडणारे इंधन दुसऱ्या गळबंदीवर दाब देते व तेलात शिरते. डोळ्यांना दिसणारा दोष जातो आणि त्याच्या जागी न दिसणारा येतो.

हेच स्थित्यंतर पुढे पंपाच्या एकंदर रचनेतही घडून आले. सुरुवातीच्या ओळीबद्ध पंपांपैकी अनेकांत कॅमच्या पेटीत वंगण तेल वेगळे भरलेले असे. प्लंजराच्या फटीतून झिरपलेले इंधन या तेलात मिसळे, पातळी चढे व जादा द्रव एका नळीवाटे बाहेर सांडे. काळजीवाहू चालकाला या सांडणाऱ्या द्रवाचे प्रमाण पाहूनच प्लंजर किती झिजले आहेत याचा अंदाज येई. ही व्यवस्था गलिच्छ होती आणि पंपाचे तेल वारंवार बदलावे लागे. म्हणून पुढील रचनांत एंजिनाचेच वंगण तेल पंपातून फिरविण्यात येऊ लागले. देखभाल कमी झाली, पंप बाहेरून स्वच्छ दिसू लागला; मात्र झिरपलेले इंधन आता सरळ एंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रात जाऊ लागले.

यातला धोका आकड्यांनी स्पष्ट होतो. सेकंदाला एक थेंब बाहेर गळत असेल तर तासाला सु. १८० घन सेंमी. इंधन वाया जाते. ताशी २० लि. इंधन घेणाऱ्या एंजिनाच्या मानाने हा तोटा एक टक्काही नाही. जमीन भिजते, वास येतो, तक्रार होते, पण एंजिनाला विशेष अपाय होत नाही. हाच थेंब आत गळून ३० लि. वंगण तेलात गेला तर दहा तासांच्या एका पाळीत तेलात सु. ६ टक्के इंधन मिसळते. सामान्यतः ४–५ टक्क्यांपलीकडे तेल वापरण्यास अयोग्य समजतात, कारण त्याचा दाटपणा उतरतो, भुजादंडाच्या धारव्यांतील तेलाचा थर पातळ होतो व धारवे घासू लागतात. तेलपात्रातील पातळी फार चढली तर क्वचित एंजिन श्वसननलिकेवाटे किंवा दट्ट्याच्या कड्यांवरून ते मिश्रण ओढून घेते व इंधन बंद केल्यावरही बेफाम वेगाने धावत सुटते. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करण्यावाचून ते थांबविण्याचा उपाय नसतो.

डीझेल बुलडोझरांचा जगभर प्रसार दुसऱ्या महायुद्धाने केला. विमानतळांच्या धावपट्ट्या, बंदरे आणि जंगलातील रस्ते यांसाठी अमेरिकन सैन्याने ते हजारोंनी वापरले. आसामातील लेडो येथून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणारा रस्ता डिसेंबर १९४२ ते जानेवारी १९४५ या काळात डोंगर, चिखल व पाऊस यांतून काढण्यात आला. त्या कामाचा मोठा भार या यंत्रांनी उचलला. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे विक्रीस निघाली. मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्यासाठी स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने आरंभीचे काम अशाच युद्धोत्तर शिल्लक ट्रॅक्टरांवर केले. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले ते याच कामाकरिता. वापरलेली यंत्रे, दूरच्या देशातून येणारे सुटे भाग आणि परकीय चलनाची टंचाई अशा परिस्थितीत पंप सरसकट बदलणे कोणालाच परवडणारे नव्हते. दोष नेमका कोठे आहे हे पंप न उघडता ठरविण्याची कला त्यामुळे या पिढीतील कारागिरांच्या अंगी आली. तिचे मुख्य टप्पे पुढे दिले आहेत.

बाहेरच्या गळतीचे निदान पंप पुसण्यापूर्वीच सुरू होते. बुलडोझरवर ओल्या जागी धूळ चिकटून तिची खपली बनते. खपली जाड व कठीण असेल तर गळती जुनी आहे, आणि तिच्यातून स्वच्छ ओहळ उतरला असेल तर ती अलीकडे वाढली आहे. हे पाहून झाल्यावर पंप धुऊन पूर्ण कोरडा करतात व त्यावर खडूची पूड भुरभुरतात. एंजिन चालू केल्यावर पुडीवर जेथे सर्वांत वर व सर्वांत आधी डाग उमटतो तेथे उगम असतो. सर्वांत ओली जागा हा उगम नव्हे, कारण इंधन खाली ओघळते व पंख्याचा वारा ते मागे नेतो. संशयाच्या नेहमीच्या जागा म्हणजे उच्च दाबाच्या नळ्यांची टोके, निर्गम झडपेवरील धारक व त्याखालील वायसर, पोकळ बोल्टांखालचे तांब्याचे वायसर आणि हवा काढण्याचे स्क्रू. यांपैकी निर्गम झडपेचा धारक गळताना दिसला की तो आवळण्याचा मोह होतो. ठरलेल्या बलापेक्षा तो जास्त आवळला तर बॅरल किंचित वेडेवाकडे होते, प्लंजर अडखळतो व त्याच्याबरोबर दातेरी दांडाही अडकतो. दांडा जास्त इंधनाच्या स्थितीत अडकला तर गव्हर्नर एंजिनाचा वेग आवरू शकत नाही. गळणाऱ्या धारकाखालचा वायसर बदलावयाचा असतो. धुराड्याच्या जोडांतून ओघळणारा काळा ओलावा हा मात्र पुष्कळदा गळतीचा नसून एंजिन तासन् तास बिनकामाचे चालू ठेवल्याचा परिणाम असतो.

या तपासणीत हाताचा उपयोग करू नये. उच्च दाबाच्या नळीतून निघणारी बारीक चिळकांडी डोळ्यांना दिसत नाही, परंतु ती कातडी भेदून आत जाते. डीझेल अंतःक्षेपकाची चाचणी घेताना बोटात इंधन शिरून झालेल्या अशा इजेचे वर्णन रीस यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते व आरंभी फारशी दुखतही नाही, म्हणून ती दुर्लक्षिली जाते; तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. चिळकांडी शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरतात.

हवा शिरण्याचा दोष टाकीपासून पुरवठा पंपापर्यंतच्या मार्गात संभवतो, कारण पुरवठा पंप तेथे इंधन ओढून घेत असतो. एंजिन रात्री बंद केल्यावर सकाळी चालू होत नाही, चालू झाले तर अडखळते, भर ओझ्याखाली दम टाकते, आणि तरीही कोठे थेंब दिसत नाही, अशी याची लक्षणे असतात. हातपंप मारून हवा काढण्याचा स्क्रू सैल केला असता फेसाळ इंधन येते व कितीही वेळ मारले तरी बुडबुडे संपत नाहीत. परतीच्या नळीत थोडा पारदर्शक तुकडा जोडला तर बुडबुडे प्रत्यक्ष दिसतात. एंजिन बंद असताना टाकीतील इंधनाचे वजन याच जोडावर पडून तेथे कधीकधी ओल दिसते. त्यामुळे चालू एंजिनापेक्षा उभ्या यंत्राची पाहणी येथे अधिक बोलकी ठरते.

एखादा सिलिंडर काम करीत नसेल तर एंजिन मंद वेगाने चालवून एकेका उच्च दाबाच्या नळीचे नट क्रमाने सैल करतात. चांगल्या सिलिंडराची नळी सैल केली की एंजिनाचा आवाज पडतो; सदोष सिलिंडराची सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही. यानंतर दोष नॉझलमध्ये आहे की पंपात हे ठरवावे लागते. निर्गम झडपेची परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद करून दातेरी दांडा इंधन बंद होण्याच्या स्थितीत आणतात, नळी काढतात व हातपंप मारतात. झडप नीट बसत असेल तर धारकाच्या तोंडाशी इंधन येत नाही; ते फुगून वाहू लागले तर झडपेची बैठक झिजली आहे किंवा तिच्यात कचरा अडकला आहे. प्लंजराची झीज यापेक्षा लबाड असते. एंजिन गरम झाल्यावर इंधन पातळ होऊन फटीतून जास्त झिरपते. सकाळी थंड असताना बरे चालणारे आणि दुपारी गरम झाल्यावर बंद केले तर पुन्हा चालू न होणारे एंजिन हे झिजलेल्या प्लंजरांचे जुने व बरेचसे भरवशाचे लक्षण आहे.

तेलपात्रात इंधन सापडले तर त्याचा उगम शोधणे हा सर्वांत कठीण भाग होय. पट्टीवरील तेलाची चढती पातळी ही पहिली खूण असते. तेलाचा थेंब टीपकागदावर सोडला तर मधल्या काळ्या डागाभोवती इंधनाचे फिकट वलय पसरते. प्रयोगशाळेत तेलाचा प्रज्वलनांक व दाटपणा मोजून प्रमाण ठरवितात. परंतु इंधन पंपातूनच आले की बिघडलेल्या नॉझलमुळे न जळता सिलिंडराच्या भिंतीवरून उतरले, हे यांतून कळत नाही. त्यासाठी एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. टाकी पंपापेक्षा उंचावर असेल तर टाकीची झडप उघडी ठेवून यंत्र रात्रभर उभे करतात व संध्याकाळची आणि सकाळची पातळी ताडून पाहतात. एंजिन बंद असूनही पातळी चढली तर दोष पुरवठा पंपाच्या गळबंदीत, बॅरलच्या बैठकीत किंवा प्लंजरांत आहे. नॉझलवर ठपका ठेवता येत नाही. पातळी केवळ चालू असतानाच चढत असेल तर नॉझलकडे वळावे. ज्या पंपांना बाजूस तपासणीचे झाकण असते त्यांत ते काढून, कप्पे कोरडे करून व हातपंपाने दाब देऊन कोणत्या प्लंजराखाली ओल उतरते हे थेट पाहता येते. एवढे करण्यास एक रात्र व एक सकाळ लागते. हा वेळ वाचविण्यासाठी संपूर्ण पंप उतरवून चाचणी-बाकावर पाठविला जातो आणि तेथे तो निर्दोष ठरून परत येतो, असा अनुभव दुर्मिळ नाही.

या सर्व रीती ओळीबद्ध पंपाच्या आहेत. इतर रचनांना त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत. अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने १९४० च्या सुमारास आपल्या बुलडोझरांवर जनरल मोटर्सची दोन-धावी एंजिने बसविली. त्यांत पंप व नॉझल एकाच अंगात असून प्रत्येक सिलिंडरावर झाकणाखाली बसतात. उच्च दाबाच्या लांब नळ्या गेल्याने बाहेरची गळती कमी झाली, पण झाकणाखालचा एक सैल जोड सारे इंधन तेलात सोडू लागला. कमिन्स कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या पीटी पद्धतीत पंप कमी दाबाने इंधनाचे माप ठरवितो व मोठा दाब सिलिंडराच्या डोक्यावरील अंतःक्षेपकात निर्माण होतो. येथे पंपाच्या ओढीच्या बाजूस शिरणारी हवा आणि अंतःक्षेपकाभोवतीची रबरी कडी हे दोन मुख्य संशयित असतात. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीमुळे ही पद्धती महाराष्ट्रातील कारागिरांच्या चांगली परिचयाची झाली. बॉशच्या धर्तीचे पंप बनविणारी मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये स्थापन होऊन बंगलोर येथे उत्पादन करू लागली होती, आणि माती हलविणारी यंत्रे बनविणारा भारत अर्थ मूव्हर्स हा सरकारी उद्योग १९६४ मध्ये निघाला. १९७० नंतरच्या दशकात कॅटरपिलरनेही स्वतंत्र पंपांची जुनी रचना काही एंजिनांवर सोडून दिली व बाहीच्या साह्याने माप ठरविणारा, संपूर्ण पेटी इंधनाने भरलेला पंप स्वीकारला. त्याला वंगण इंधनाचेच. पेटीतील इंधन व एंजिनाचे तेल यांच्यामध्ये दंडावरील गळबंदीच तेवढी उरली. ती गेली की गळती थेंबाथेंबाने होत नाही. तेलाची पातळी एका पाळीत डोळ्यांत भरेल इतकी चढते.

जुन्या पंपांच्या गळतीला अलीकडच्या काळात आणखी एक कारण मिळाले आहे व ते यंत्रात नसून इंधनात आहे. हवेचे प्रदूषण कमी करण्यासाठी डीझेलमधील गंधक उतरविण्यात आले. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये रस्त्यावरील वाहनांच्या डीझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५०० भाग झाली. भारतात एप्रिल २०१७ पासून देशभर ५० भाग व एप्रिल २०२० पासून १० भाग अशी मर्यादा आली. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत अ‍ॅरोमॅटिक संयुगेही काही प्रमाणात घटतात. नायट्राइल रबराच्या कड्या ही संयुगे शोषून फुगलेल्या असतात व फुगलेल्या स्थितीतच त्यांनी वर्षानुवर्षे जोड बंद ठेवलेला असतो. नवे इंधन त्यांतून ही संयुगे ओढून घेते आणि कड्या आक्रसतात. नव्या, लवचिक कड्या हा बदल सोसतात. जुन्या, कडक झालेल्या सोसत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेत अनेक पंप अचानक गळू लागले तेव्हा प्रथम दोष मालकांच्या देखभालीवर व नंतर गंधकावर ठेवला गेला. रबराच्या आक्रसण्याकडे लक्ष त्यानंतर गेले. अशा पंपात फ्ल्युओरोकार्बन रबराच्या कड्या बसविल्या की गळती बहुधा थांबते. याच प्रक्रियेमुळे इंधनाचा स्वाभाविक वंगणगुणही घटतो. स्वीडनमध्ये १९९० नंतर असे इंधन वापरात येताच पंपांची झीज वाढल्याचे दिसून आले व इंधनात वंगणवर्धक मिसळण्याची प्रथा रूढ झाली.

चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या बुलडोझरवर ही सारी कारणे एकत्र नांदतात. पुरवठा पंपाची कडी आक्रसलेली असते, एखादा प्लंजर झिजलेला असतो, मागच्या कोणीतरी धारक जास्त आवळलेला असतो आणि निचऱ्याचे छिद्र मातीने बंद असते. त्यामुळे एक दोष काढल्यावर दुसरा वर येणे स्वाभाविक असते व त्याचा अर्थ पहिले निदान चुकले असा होत नाही. जाणते कारागीर प्रथम छिद्र मोकळे करतात, एंजिनाचे तेल बदलतात, पट्टीवर पातळीची खूण करतात आणि एक पाळी यंत्र चालवून मगच पान्याला हात घालतात.